उंबरठ्यावरचा रिपोर्ट

दिवाळीच्या अंकात इस्पितळाचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढा वाढणे, असे संपादकमहाशयांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. पण आमच्या कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावल्याखेरीज कोणी करंजीला हात लावत नाही. वाचकांनी हा लेख त्या कारिटाच्या जागी धरावा आणि मग खुशाल पुढच्या पानावरच्या विनोदी कथेकडे वळावे.

विषय कोरोनाचा आहे. "आता कशाला ती मढी उकरता?" असे आमच्या गडबच्या नाक्यावर मला दोघातिघांनी विचारले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी उठवली, लोकांनी मुखपट्ट्या चुलीत घातल्या, आणि हिशेब मिटला असे सर्वांनी धरून चालले. मला तो मिटलेला दिसत नाही. त्या दोन वर्षांत एक साधा प्रश्न रोज हजारो माणसांच्या वाट्याला आला आणि त्याचे उत्तर जागोजाग चुकीचे दिले गेले. अत्यवस्थ माणूस अतिदक्षता विभागात न्यायचा असेल, तर त्याला साथीचा संसर्ग आहे की नाही हे कोणी, केव्हा आणि कुठे उभे राहून तपासायचे? पुढची साथ येईल तेव्हा हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहणार आहे, आणि त्या वेळी विचार करायला कोणालाच सवड नसेल.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकाचा अधिकार मी सांगत नाही. पण हजेरी कशी घ्यावी हे मला कळते, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. मूल वर्गात येऊन बसले म्हणजे मास्तरने हजेरी घ्यायची. फाटकाशी उभे राहून "आधी हजेरी दे, मग आत ये" असे म्हणणारा मास्तर कोणी पाहिला आहे काय? आणि "चेहऱ्यावरून हजर दिसतात, नावे कशाला पुकारायची?" असे म्हणून हजेरीच न घेणाराही मास्तर कामाचा नाही. साथीच्या काळात आमच्या इस्पितळांनी या दोन्ही मास्तरांचे सोंग आळीपाळीने घेतले. पहिल्या महिन्यांत तपासलेच नाही. नंतर तपासले ते फाटकावर.

पहिल्या सोंगाकडे आधी वळू. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरचा नियम असा होता, की परदेशातून आलेला आणि ताप-खोकला असलेला, किंवा बाधिताच्या सहवासातला, अशाच माणसाचा नमुना घ्यावा. २० मार्चला त्यात श्वसनाच्या तीव्र आजाराने भरती झालेल्या रुग्णांची भर पडली. नियम करणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो. चाचणीचे साहित्य मोजके, प्रयोगशाळा मोजक्या, खाजगी चाचणीला साडेचार हजार रुपये. पण रोगाला नियमाची प्रत कोणी पाठवली नव्हती. छातीत कळ आली म्हणून आलेला, डोके फुटले म्हणून आणलेला, यांच्या नाकातही विषाणू असू शकत होता आणि त्यांच्याकडे पाहायला नियमात ओळच नव्हती.

मुंबई सेंट्रलचे वोक्हार्ट रुग्णालय आठवा. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात तिथल्या २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि महापालिकेने सबंध इमारत प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर केली. दहा दिवसांपूर्वी जिथे लोक जीव वाचवायला धावत, तिथे आत जायला आणि बाहेर यायला बंदी झाली. हृदयाची शस्त्रक्रिया ठरलेल्या, डायलिसिसच्या वाऱ्या करणाऱ्या रुग्णांनी त्या आठवड्यात कुठे जायचे? एक विभाग बंद पडला म्हणजे केवळ तिथले आजारी वाढत नाहीत, ज्यांचा त्या रोगाशी काडीचा संबंध नाही त्यांचाही आधार तुटतो.

हे नवे नव्हते, यातच खरे दुःख आहे. २००३ साली सार्स नावाचा कोरोनाचाच एक भाऊबंद कॅनडात टोरांटोला पोचला. तिथल्या एका इस्पितळाच्या तातडीच्या कक्षात धाप लागलेला माणूस रात्रभर खाटेवर होता. शेजारच्या खाटेवर हृदयाचे ठोके बिघडले म्हणून आलेला गृहस्थ होता. मधे पडदा काय तो. हृदयाचा रोगी बरा होऊन घरी गेला आणि सार्स घेऊन परत आला. तिथून ती साखळी इस्पितळाइस्पितळांतून फिरली. सतरा वर्षांनी आम्ही तोच धडा पहिल्या पानापासून गिरवायला घेतला.

"लक्षणे विचारावीत, संशय आला तर तपासावे," हे बाहेरच्या ओपीडीत ठीक आहे. अतिदक्षता विभागात हे वाक्य म्हणजे शुद्ध थट्टा आहे. तिथला रोगी बोलतो कुठे? अर्धांगाने वाचा गेलेली, किंवा गुंगीचे औषध दिलेले, किंवा घशात नळी. त्याला वास येतो की नाही हे कोणाला विचारणार? ताप म्हणावा तर तिथे दहा कारणांनी ताप येतो. छातीच्या फोटोत पांढरे ढग दिसले तर ते हृदय दमल्याने साचलेले पाणीही असू शकते. शिवाय ती जागा कशी असते पाहा. बंद खोली, वातानुकूलन, खाटेला खाट, आणि एकच परिचारिका या खाटेवरून त्या खाटेकडे. श्वासनलिकेत नळी घालताना डॉक्टरचे तोंड रोग्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असते. नळीतला कफ ओढून काढताना तुषार उडतात ते पुसणारीच्या अंगावर. सगळ्या गावात ज्यांची ताकद सर्वांत कमी उरली आहे अशी माणसे एका खोलीत गोळा करून मधे एक न ओळखलेला संसर्ग सोडायचा असेल, तर याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या प्रसूतिगृहांनी २२ मार्च ते ४ एप्रिल २०२० या दोन आठवड्यांत एक शहाणपण केले. बाळंतपणाला येणारी प्रत्येक बाई, लक्षण असो वा नसो, तपासली. २१५ बायका आल्या, ३३ बाधित निघाल्या, आणि त्या ३३ पैकी २९ जणींना काही म्हणजे काही होत नव्हते. केवळ विचारून काम भागवले असते तर चार सापडल्या असत्या. या आकड्यापुढे आणखी वाद घालण्यासारखे मला काही दिसत नाही. प्रत्येक खाटेवरच्या प्रत्येक माणसाला तपासायला हवे होते, आणि अतिदक्षतेतल्या खाटा आहेतच किती? साहित्य मोजके होते तर पहिला घास तिथे पडायला हवा होता.

मग झाले काय? इस्पितळे भ्याली. भ्याली यात मला नवल वाटत नाही, माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या वर्षी मुंबईच्या एका अतिदक्षता विभागात परिचारिका होती. मोटारीच्या अपघातातला एक रोगी चार दिवस सांभाळला, पाचव्या दिवशी तो बाधित असल्याचे कळले, सातव्या दिवशी ही तापाने पडली. बरी झाल्यावर ती मला म्हणाली, "गुरुजी, पहिल्या दिवशी रिपोर्ट नव्हता याचा मला राग नाही. रिपोर्ट येईपर्यंत त्याला बाधित धरून चला, एन-९५ मास्क घाला, एवढे एक वाक्य कोणी बोलले असते तर पुरले असते." तिचे हे वाक्य मी वाचकांच्या पदरात बांधून ठेवतो, कारण माझ्या सगळ्या युक्तिवादाचा गाभा त्यात आहे. व्यवस्थापकांनी मात्र भीतीतून वेगळा निष्कर्ष काढला. रोग्याला बाधित धरून आत घेण्याऐवजी, निर्दोष ठरेपर्यंत त्याला बाहेर ठेवायचे. तपासणी खाटेवरून उठली आणि उंबरठ्यावर येऊन बसली.

आमच्या आळीतले एक आजोबा, जन्मभर खारेपाटात भात पिकवलेले, जुलै २०२० मध्ये एका रात्री छाती धरून बसले. मुलाने गाडी काढली, सोबत मी. पहिल्या ठिकाणी दारातल्या माणसाने आधी कपाळाला यंत्र लावले, मग विचारले, "रिपोर्ट आहे?" नाही म्हटल्यावर "आधी रिपोर्ट आणा." दुसऱ्या ठिकाणी काचेपलीकडून तेच. "कळ छातीत आहे हो, खोकला नाही," असे मुलगा सांगत होता आणि समोरचा माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून तसे सांगितलेले होते, हे मी त्याच्या खाली घातलेल्या नजरेवरून सांगू शकतो. तिसऱ्या ठिकाणी आत घेतले, नमुना घेतला, आणि पहाटे आजोबा गेले. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. निगेटिव्ह होता. मुलाने तो घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे.

आता गंमत पाहा, तिला गंमत म्हणायचे धैर्य असेल तर. १८ मे २०२० रोजीच, म्हणजे त्या रात्रीच्या दोन महिने आधी, आयसीएमआरने लिहून ठेवले होते की चाचणी झाली नाही म्हणून बाळंतपणासह कोणताही तातडीचा उपचार लांबवू नये, आवश्यक वाटल्यास नमुना त्याच वेळी पाठवावा. जूनच्या मध्यापासून अर्ध्या तासात उत्तर देणारी अँटिजेन चाचणीही इस्पितळांत वापरायला परवानगी मिळाली होती. म्हणजे नियम शहाणा होता, साधनही आले होते, आणि दारातला माणूस मात्र कपाळाला यंत्र लावून तेच वाक्य म्हणत होता. जानेवारी २०२२ मध्ये त्याच परिषदेला पुन्हा सांगावे लागले की चाचणीची सोय नाही या कारणाने रोग्याला दुसरीकडे धाडू नका. पहिला हुकूम पाळला गेला असता, तर दुसरा काढण्याची पाळी कशाला आली असती?

त्याच काळात रिपोर्ट कुठे कुठे मागितला गेला तेही आठवून पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये गणपतीला कोकणात येणाऱ्या चाकरमान्याने १२ तारखेनंतर निघायचे तर निगेटिव्ह अहवाल खिशात हवा होता. नोव्हेंबरात दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून महाराष्ट्रात येणाऱ्यालाही तो लागू लागला. विमानतळावर अहवाल, स्टेशनावर अहवाल. आमच्या पेणचे गणपती देशोदेशी जातात, त्यांना तेवढा मागितला नाही हे बाप्पाचे भाग्य. मी या दक्षतेची टवाळी करीत नाही. पण जी चाचणी गाडीत चढण्यासाठी मिळत होती, ती अत्यवस्थ माणसाच्या उशाशी का मिळू नये, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

कोणी म्हणेल, दारात तपासले तर आतल्या रोग्यांचे रक्षण होते. दिसायला हे म्हणणे न्याय्य आहे. मात्र ते दोन ठिकाणी फसते. एक तर दारातला निगेटिव्ह कागद म्हणजे अभयपत्र नव्हे. संसर्ग झाल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत नाकातल्या नमुन्यात काही सापडतच नाही. ज्या दिवशी लक्षणे सुरू होतात त्या दिवशीही शंभर बाधितांपैकी सुमारे ३८ जणांना चाचणी निर्दोष ठरवते, आणि तीन दिवसांनीदेखील २० जण निसटतात, असे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२० मध्येच मांडले. रोग खाली फुप्फुसात उतरला की नाक कोरडे आणि छाती भरलेली, असेही होते. चीनमधल्या एका अभ्यासात नाकातल्या नमुन्यांपैकी ६३ टक्क्यांत विषाणू सापडला, तर फुप्फुस धुऊन घेतलेल्या नमुन्यांपैकी ९३ टक्क्यांत. तेव्हा दारात एकदा नाक तपासून "हा स्वच्छ" असा शिक्का मारणे आणि आत गेल्यावर मास्क उतरवून वावरणे, यात रक्षण कसले? संशय असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा नमुना घ्यायला हवा, घशात नळी असेल तर नळीतूनच घ्यायला हवा. हे सारे खाटेशीच होऊ शकते. दारात फक्त हाकलता येते.

दुसरे म्हणजे, तपासणीचा अर्थ हाकलणे असा एकदा लोकांनी घेतला की ते तपासणीपासून पळतात. याला आपल्याच इतिहासाची साक्ष आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, आणि पुण्यात रँडसाहेबाचे सोल्जर घराघरात शिरून तपासणी करू लागले. शास्त्र म्हणून त्या तपासणीत काही तथ्य होते. पण तिची रीत अशी की लोकांनी आजारी माणसे कोठीत लपवली, मढी लपवली, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झाले ते शाळेतले पोरही सांगेल. त्याच पुण्यात त्याच साली सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात आणवीत होत्या. एका आजारी मुलाला स्वतः उचलून नेताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आधी याला प्लेग आहे काय याचा दाखला आणा, असे त्यांनी त्या मुलाच्या बापाला म्हटले नाही. त्यांच्यापाशी मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, औषध नव्हते. २०२० मध्ये आमच्यापाशी हे सारे कमीअधिक होते. २०२० मध्ये खेडोपाडी लोक ताप लपवीत होते तो काही अडाणीपणाने नव्हे. कपाळाला यंत्र लागले की दार बंद होते, एवढे त्यांनी पाहिले होते.

तपासणीची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे तर कोणी पाहिलेच नाही. एकदा रोग्याच्या कागदावर "पॉझिटिव्ह" असे पडले की पुष्कळ ठिकाणी बाकीचे डोळे मिटले गेले. अतिदक्षता विभागात खाटेवर पडल्यापडल्या दुसरेच जंतू चिकटतात. लघवीच्या नळीतून, सलाइनच्या सुईतून, व्हेंटिलेटरच्या नळीतून. आयसीएमआरने २०२० च्या जून ते ऑगस्टमध्ये दहा इस्पितळांतल्या १७,५३४ रोग्यांची नोंद पाहिली. असा दुसरा संसर्ग झालेले शंभरात चारही नव्हते, पण ज्यांना झाला त्यांच्यातले निम्म्याहून अधिक दगावले. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने डोळे आणि जबडे नेले ते कोणाच्या घरचे हे या अंकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. अतिदक्षतेतली तपासणी म्हणजे येताना एकदा नाकात काडी घालणे नव्हे. रोगी तिथे आहे तोवर ती चालायची असते, आणि तिचा निकाल पहिल्यांदा परिचारिकेच्या हातात पडायला हवा. आमच्याकडे तो पहिल्यांदा बिलाच्या खिडकीत जात होता.

"मास्तर, हे सगळे ठीक, पण पैसे कोण देणार?" हा आक्षेप मी राखून ठेवला होता, कारण तोच सर्वांत लवकर निघतो. महाराष्ट्र सरकारने मे २०२० मध्ये खाजगी रुग्णालयांचे दर बांधून दिले: अतिदक्षता विभागाची खाट दिवसाला साडेसात हजार, व्हेंटिलेटर लागला तर नऊ हजार. १३ जूनला चाचणीचा दर बांधला, इस्पितळातून नमुना उचलल्यास २२०० रुपये. म्हणजे जी खाट दिवसाला साडेसात हजार खाते तिच्यावरची चाचणी तिच्या एका दिवसाच्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्शालाही पुरी पडत नव्हती. आणि एक न ओळखलेला रोगी आत गेल्याने सबंध इमारतीला टाळे लागले, तर त्या टाळ्याची किंमत कोणत्या खात्यात मांडायची? महाग काय होते, ते तपासणे की न तपासणे? निदान मुंबई सेंट्रलच्या त्या आठवड्यानंतर तरी पैशाचा आक्षेप कोणी तोंडाबाहेर काढू नये.

पेण, वडखळ, अलिबाग या टापूत गेल्या काही वर्षांत नवे दवाखाने, नव्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्याचा मला आनंद आहे. रस्त्यावरच्या अपघातातला माणूस पनवेलपर्यंत जिवंत पोचेल की नाही, ही आम्हा महामार्गालगतच्या गावकऱ्यांची जुनी चिंता. तेव्हा कुठे अतिदक्षता विभाग उघडला की उद्घाटनाचे पेढे घ्यायला मी आवर्जून जातो, आणि पेढा तोंडात टाकण्याआधी तिथल्या माणसाला दोन गोष्टी विचारतो. ज्याचा अजून काही कळले नाही अशा रोग्याला बाकीच्यांपासून वेगळे ठेवायची खोली कोणती? आणि रात्री दोन वाजता आलेल्याचा नमुना कोण घेईल?

मागच्याच वर्षी एका ठिकाणी मला सगळी यंत्रे मोठ्या हौसेने दाखवली. मॉनिटर, व्हेंटिलेटर, भिंतीतला ऑक्सिजन, सारे झळझळीत. वेगळ्या खोलीचे विचारल्यावर एक दार उघडून दाखवले. आत बिलांची जुनी खोकी रचलेली होती. "लागली तर रिकामी करू," म्हणाले. आणि रात्रीच्या नमुन्याचे विचारले तर तरुण व्यवस्थापकाने अगदी नम्रपणे सांगितले, "गुरुजी, लॅबचा माणूस सकाळी दहाला येतो. तोपर्यंत पेशंटला खाली थांबवून घेऊ."